उदार शिक्षणाचे मूल्य आणि श्रमाचा प्रश्न : फरीद झकेरिया यांच्या समर्थनाची चिकित्सा

प्रस्तावना :
अमेरिकेतील खासगी लिबरल आर्ट्स महाविद्यालय म्हणजे सामान्यतः लहान, निवासी आणि प्रामुख्याने पदवी शिक्षण देणारी संस्था होय. तेथील विद्यार्थी एखाद्या धंद्याचे प्रशिक्षण न घेता साहित्य, तत्त्वज्ञान, गणित, निसर्गविज्ञाने व सामाजिक शास्त्रे यांचा परिचय करून घेतो आणि त्यानंतर एका विषयाचे विशेष अध्ययन करतो. विल्यम्स, ॲम्हर्स्ट यांसारख्या नामांकित महाविद्यालयांचा शुल्क, निवास व भोजन धरून होणारा वार्षिक घोषित खर्च आज ८० हजार डॉलरहून अधिक आहे. त्यामुळे या शिक्षणाचे मूल्य कशात मानावे, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. फरीद झकेरिया यांनी 'इन डिफेन्स ऑफ अ लिबरल एज्युकेशन' (२०१५) या ग्रंथात त्याचे जे उत्तर दिले आहे, त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाचे बलस्थान :
महाराष्ट्राचे माजी मंत्री रफिक झकेरिया यांचे पुत्र असलेले फरीद मुंबईत वाढले व १९८६ मध्ये येल विद्यापीठाचे पदवीधर झाले. येल हे मोठे संशोधन विद्यापीठ असले, तरी त्याच्या पदवी महाविद्यालयाची परंपरा उदार शिक्षणाचीच आहे. हे शिक्षण लिहावे कसे, बोलावे कसे आणि शिकावे कसे, या तीन गोष्टी देते, असे झकेरिया प्रतिपादन करतात. त्यांतील लेखनविषयक विवेचन विशेष मोलाचे आहे. विचार आधी पूर्ण होतो आणि मग तो कागदावर उतरतो, ही रूढ समजूत ते नाकारतात. लिहिता लिहिता विचार घडतो, हे त्यांचे म्हणणे पाठांतर व गुणपत्रिका यांत अडकलेल्या आपल्या शिक्षणालाही लागू पडते.

युक्तिवादाच्या मर्यादा :
तथापि, चांगल्या जीवनाचा विचार ग्रंथात असला, तरी समर्थनाचा मोठा भार उपयुक्ततेवर आहे. बदलत्या अर्थव्यवस्थेत हेच गुण कामी येतात, असे सांगून ज्ञान सार्थ ठरविले, की बाजाराचा कल पालटताच ते समर्थनही लंगडे पडते. झकेरिया यांनी गौरविलेल्या सिंगापूरच्या येल-एनयूएस महाविद्यालयात २०१३ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली. २०२१ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि २०२५ मध्ये ते बंद झाले. केवळ उत्तम अभ्यासक्रमाने संस्था टिकत नाही, हे यावरून दिसते.

याहून मूलभूत प्रश्न वेगळा आहे. 'लिबरल' या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा संबंध 'स्वतंत्र' या अर्थाशी आहे. लिबरल आर्ट्स म्हणजे स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या विद्या. परंतु प्राचीन ग्रीस-रोममध्ये त्या नागरिकाला लाभणारी फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती. म्हणून या शिक्षणाचे मूल्य ठरविताना, ही फुरसत कोणाच्या श्रमावर मिळते, हे विचारणे अगत्याचे आहे.

श्रमाची दोन उत्तरे :
या प्रश्नाला अमेरिकेतच दोन भिन्न उत्तरे मिळाली आहेत. विल्यम्सने २०२२ मध्ये साहाय्यास पात्र विद्यार्थ्यांवरील कर्जाचा आणि सक्तीच्या कामाचा भार काढून त्याऐवजी अनुदान दिले. श्रीमंताइतकाच वेळ गरिबालाही मिळावा, ही त्यामागील न्याय्य भूमिका होय. केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयाचा मार्ग निराळा आहे. गुलामगिरीविरोधक जॉन फी यांनी १८५५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था १८९२ पासून शिक्षणशुल्क आकारत नाही. गोऱ्या व कृष्णवर्णीयांना एकत्र शिकविण्यावर १९०४ च्या राज्य कायद्याने बंदी आली; १९५० मध्ये कायदा बदलल्यावर बेरियाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी पुन्हा दार उघडले. येथे प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून किमान दहा तास काम करावे लागते. सर्वांनाच काम असल्याने ते दारिद्र्याची खूण ठरत नाही.

महाराष्ट्राला हा विचार अपरिचित नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. तेथील 'कमवा व शिका' योजनेत श्रम हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. दोन्ही संस्थांचा इतिहास वेगळा असला, तरी हात आणि बुद्धी यांची फारकत दोघींनीही नाकारली.

समारोप :
बेरियाचा आदर्श सर्वत्र जसाच्या तसा राबविता येणार नाही. तेथील निःशुल्क शिक्षणामागे दीर्घकाळ जमविलेला मोठा कायम निधी आहे; केवळ विद्यार्थ्यांच्या श्रमावर ते चालत नाही. तरीही झकेरिया यांच्या समर्थनाला आवश्यक असलेली पुरवणी त्यातून मिळते. लिहिणे, बोलणे व शिकणे यांतून माणूस स्वतंत्र होतो, हे मान्य. पण ज्याला फी परवडते तोच स्वतंत्र होणार असेल, तर त्या शिक्षणाला 'उदार' म्हणणे कठीण आहे. म्हणून अशा महाविद्यालयाचे मूल्य जोखताना पदवीनंतरच्या वेतनाबरोबरच त्याचे दार कोणासाठी उघडे आहे, हेही पाहिले पाहिजे.