सापडलेल्या वस्तूचा अपहार : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ ची चिकित्सा

प्रस्तावना :

चोरी, फसवणूक व न्यासभंग या गुन्ह्यांची जितकी चर्चा होते तितकी ‘मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार’ या गुन्ह्याची होत नाही. भारतीय दंड संहितेतील कलम ४०३ हे मोठ्या कलमांच्या गर्दीत दबून गेलेले कलम होते. दि. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ ने घेतली. व्याख्या, स्पष्टीकरणे व उदाहरणे जवळजवळ जशीच्या तशी राहिली. बदलली ती शिक्षा. जुन्या कलमात दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद होती. नव्या कलमात किमान सहा महिने ते कमाल दोन वर्षे कारावास आणि त्यासोबत दंड आहे. ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आले, एवढाच हा बदल दिसतो. परंतु शेजारच्या कलमांशी ताडून पाहता त्यातील विसंगती ध्यानात येते.

गुन्ह्याचे स्वरूप :

चोरीत वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून त्याच्या संमतीविना काढून घेतली जाते, म्हणजे आरंभच दोषयुक्त असतो. अपहारात तसे नसते. वस्तू निर्दोषपणे हाती येते आणि दोष मागाहून मनात शिरतो. वाटेत पडलेली वस्तू मालकाला परत देण्यासाठी उचलणारा गुन्हेगार नव्हे. मालक ठाऊक असताना किंवा त्याला शोधण्याचे साधन हाती असताना, अथवा वाजवी प्रयत्न व वाजवी काळ न देता, तो ती आपलीशी करतो तेव्हा गुन्हा घडतो. वाजवी प्रयत्न कोणता व वाजवी काळ किती, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे कलम स्वतःच सांगते.

या स्पष्टीकरणाखालील सहा उदाहरणे १८६० च्या संहितेतून आलेली आहेत. हमरस्त्यावर सापडलेला रुपया, नोट असलेले पत्र, धारकाला देय असलेला धनादेश, पैशांची थैली, मौल्यवान अंगठी हा त्यांतील ऐवज. रुपया उचलणारा निर्दोष, कारण तो कोणाचा हे त्याला ठाऊक नाही. अंगठी शोध न घेताच विकणारा दोषी. उदाहरणे सुबोध आहेत यात शंका नाही. मात्र त्यांतील जग पायवाटेचे व पत्राचे आहे.

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील आसनगाव स्थानक घ्यावे. शहापूर तालुक्यातील नोकरदार, विद्यार्थी, भाजीविक्रेत्या व मजूर येथून लोकल गाडीने रोज ये-जा करतात. समजा, गर्दी ओसरल्यावर बाकावर एक जुना भ्रमणध्वनी राहिला आणि एका मजुराने तो उचलला. भ्रमणध्वनी कुलूपबंद आहे. त्यावर मालकाचा फोन येतो तेव्हा शोधाचे साधन हातीच आलेले असते. तो कट करून यंत्र बंद केल्यास अप्रामाणिक हेतू अनुमानता येईल. पण विद्युतभार संपून ते आपोआप बंद पडले तर? स्थानकावर जमा करण्याऐवजी त्याने ते आठवडाभर घरी ठेवले तर? पदवीधर प्रवाशाकडून अपेक्षित असलेला वाजवी प्रयत्न आणि पाड्यावरील निरक्षर मजुराकडून अपेक्षित असलेला प्रयत्न एकच मानावा काय? ज्या गुन्ह्याची सीमारेषा इतकी धूसर आहे, तेथे न्यायाधीशाला शिक्षेत अधिक मोकळीक हवी. कलम ३१४ ने नेमकी तीच काढून घेतली.

शेजारच्या कलमांशी तुलना :

कलम ३०३ च्या परंतुकानुसार चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याचे मूल्य परत केले, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. कलम ३१४ ला असे परंतुक नाही. म्हणजे तीन हजारांचा भ्रमणध्वनी खिशातून काढणारा तो परत करून विनामोबदला समाजोपयोगी काम करील. तोच बाकावरून उचलून ठेवून घेणारा, परत करूनही, किमान सहा महिन्यांच्या कारावासास पात्र ठरेल. अशा खटल्यात आपला अशील चोरच आहे, असा युक्तिवाद बचावाच्या वकिलाला करावासा वाटला तर नवल नाही.

विसंगती येथेच थांबत नाही. विश्वासाने सोपविलेल्या मालमत्तेचा अपहार, म्हणजे फौजदारीपात्र न्यासभंग, कलम ३१६(२) खाली पाच वर्षांपर्यंत कारावासास पात्र आहे. पण तेथे किमान मर्यादा नाही व केवळ दंडावरही भागू शकते. मृताच्या मालमत्तेच्या अपहाराचे कलम ३१५ आणि चोरीचा माल स्वीकारण्याचे कलम ३१७(२) यांतही किमान कारावास नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाखाली जमिनीत सापडलेले धन दडविणाऱ्यालाही कमाल एक वर्ष कारावास किंवा दंड एवढीच शिक्षा आहे. विश्वासघात हा अपहाराहून गंभीर, हा संहितेचाच क्रम आहे. किमान शिक्षेपुरता तो उलटा झाला आहे.

महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले वेलजी राघवजी पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६५) हे प्रकरण या संदर्भात आठवते. भागीदाराने भागीदारीचा पैसा वापरला, तरी विशेष कराराने तो त्याच्याकडे सोपविलेला नसेल तर न्यासभंग होत नाही, कारण भागीदार स्वतःही मालक असतो, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच; हिशेबाचा वाद दिवाणी न्यायालयात जावा. तथापि पेढीच्या पैशाबाबत एवढा विवेक बाळगणारा कायदा बाकावरील वस्तूबाबत तो सोडून देतो, हे खटकते.

दुसरा एक बदल फारसा चर्चिला गेलेला नाही. जुन्या संहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येत ‘मूर्त’ हे विशेषण होते. नव्या संहितेच्या कलम २(२१) मध्ये ते गळाले आहे. परिणामी, चुकीच्या क्रमांकामुळे दुसऱ्याच्या बँक खात्यात आलेली रक्कम जाणूनबुजून खर्च करणे कलम ३१४ च्या कक्षेत आणणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. कक्षा वाढविणे कालोचितच होते. मात्र उदाहरणे थैली व अंगठीपाशीच थांबली आणि वाढलेल्या कक्षेतील सर्वांना किमान कारावास लागू झाला. रोजगार हमीच्या मजुरीची वाट पाहणाऱ्या खातेदाराने खात्यात आलेले दोन हजार आपलेच समजून काढले, तर तो सद्भाव ठरेल. चूक कळल्यावरही खर्च केले तर गुन्हा. ही चूक त्याला नेमकी कधी कळली, यावर त्याचे सहा महिने अवलंबून राहतील.

आक्षेपांचा विचार :

हा गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र व मालकाच्या संमतीने तडजोडयोग्य आहे; म्हणून प्रत्यक्षात तुरुंगात जाणारे थोडेच, असे म्हणता येईल. शिवाय अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा मार्ग मोकळा आहे. लखवीर सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०२१) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेतील किमान शिक्षेमुळे परिवीक्षेला आपोआप प्रतिबंध होत नाही, असे मानले. हे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत. पण तडजोड मालकाच्या मर्जीवर आणि परिवीक्षा न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. त्यांची मागणी करण्यासाठी वकील लागतो. शहापूरच्या न्यायालयात एका सुनावणीसाठी मजुरी बुडविणाऱ्या आरोपीला हे मार्ग ठाऊक असतील, असे गृहीत धरता येत नाही.

दुरुस्ती अवघड नाही. कलम ३०३ चे परंतुक कलम ३१४ ला जोडावे, किंवा शिक्षेच्या वाक्यात जुना ‘किंवा’ परत आणावा.