‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका

जोतीराव फुले यांचें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक १८७३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यावर वाद पुष्कळ झाले. आम्हांस येथें केवळ त्याच्या अर्पणपत्रिकेविषयीं लिहावयाचें आहे. अमेरिकेंतील सज्जनांनीं गुलामांना दास्यमुक्त करण्यास साह्य केलें, म्हणून जोतीरावांनीं तें त्यांना अर्पण केलें, आणि आपल्या देशबांधवांनीं शूद्रांच्या बाबतींत तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा प्रकट केली.

या अर्पणाचें मोल कळण्यास त्या वेळच्या मुंबईकडे पाहावें. अमेरिकेच्या दक्षिण भागांत कापसाची शेती गुलामांच्या श्रमांवर चाले. त्या गुलामगिरीवरून १८६१ सालीं उत्तर व दक्षिण यांत युद्ध जुंपलें. दक्षिणेचीं बंदरें अडलीं आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. येथील सट्टेवाल्यांना जें अरिष्ट वाटलें, त्यांतच जोतीरावांना माणसाची सुटका दिसली.

त्यांची स्तुति किंचित् भाबडी आहे, हें मान्य केलें पाहिजे. उत्तरेच्या गिरण्याही त्याच कापसावर चालत. आणि गुलाम केवळ सोडविले गेले नाहींत, सैन्यांत शिरून ते स्वतः लढले. तथापि दूरच्या दास्याविषयीं हळहळणें सोपें असतें. त्यावरून घरचें दास्य ओळखणें कठीण. जोतीरावांनीं तें कठीण काम केलें. आम्हां सुशिक्षितांना हें पुस्तक अजून बोचतें, तें यासाठींच.