कलमतराश : शेफील्डच्या चाकूचे रसग्रहण

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात चाकूवरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया वर चढतील, हे आम्ही जाणून आहो. परंतु इंग्रजीत ज्यास ‘पेननाइफ’ म्हणतात आणि आपल्या जुन्या दफ्तरी भाषेत ज्यास ‘कलमतराश’ असे सुरेख फारसी नाव होते, त्याचा जन्म मुळी लेखणीच्या सेवेकरिताच झाला. तिकडे पिसाची लेखणी, इकडे बोरू. दोहोंचे टोक तासल्यावाचून कागदावर ओळ उमटत नसे. आमच्या आजोबांच्या कलमदानात हस्तिदंती मुठीचा, दोन पात्यांचा असा एक चाकू असे. बोरू जाऊन टाक आला, टाक जाऊन फाउंटनपेन आले, तरी त्याची जागा हलली नाही. त्याच्या पात्यावर तारा व माल्टाचा क्रूस ही दोन चिन्हे होती, आणि घरात त्यास ‘रॉजर’ ह्या नावानेच ओळखीत.

ती चिन्हे शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कारखान्याची. इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातील हे गाव चाकूंसाठी इतके जुने प्रसिद्ध की, चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका कथेतील दांडग्या गिरणीवाल्याजवळ शेफील्डचाच चाकू दिला आहे. डोंगरउतारावरून धावणाऱ्या नद्यांनी तेथील चाके फिरविली, जवळच्या खाणींनी धारेचे दगड पुरविले, आणि १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने चाकू-कात्रीवाल्यांची श्रेणी स्थापन झाली. पुढे १७४० नंतर बेंजामिन हंट्समन ह्याने मुशीत पोलाद वितळविण्याची कृती साधली. (मुशीतले पोलाद दक्षिण हिंदुस्थानात त्यापूर्वी शतकानुशतके होत होते. फॅरडेने लंडनच्या स्टॉडर्ट नामक चाकूवाल्याबरोबर १८२० साली पोलादाचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांना ह्या हिंदी ‘वुट्झ’चीच प्रेरणा होती. हे जाता जाता.)

आता अशा वस्तूची परीक्षा कशी करावी? कवितेच्या परीक्षेत आपण प्रथम ती मोठ्याने वाचून पाहतो. चाकूच्या बाबतीत तो उघडून मिटून पाहावा. मुठीच्या पाठीशी पोलादाची एक कमान असते. तिचा दाब पात्याच्या बुडाशी असलेल्या चौकोनी टाचेवर पडतो, आणि केवळ ह्या दाबानेच पाते उघडलेले वा मिटलेले राहते. दुसरी कडी नाही की खटका नाही. नखाच्या खाचेत नख घालून पाते ओढले असता बोटास जी एकसारखी ओढ जाणवते, तिला संग्राहक ‘चाल’ म्हणतात. आणि पाते जागेवर बसताच जो ‘टक्’ असा ध्वनी होतो, तो त्याचा ‘बोल’. कमान नरम असली तर बोल बोबडा होतो, फाजील कडक असली तर नख तुटते. पाते मिटताना बाजूच्या पितळी अस्तरास घासता कामा नये, आणि उघड्या स्थितीत कमानीची पाठ मुठीच्या पाठीशी अशी मिळावी की, बोट फिरविले असता सांधा कळू नये. ही गोष्ट केसाएवढ्या कानशीकामावर अवलंबून असते. ती साधली म्हणजे कारागिराचे श्रम दिसेनासे होतात, आणि चांगल्या गद्याचेही हेच लक्षण नव्हे काय?

म्हणूनच शेफील्डची जी सर्वांत नामांकित कृती, तिजविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी रॉजर्सने ‘नॉर्फोक चाकू’ नावाचा एक अजस्र चाकू केला. त्यास पंच्याहत्तर पाती व हत्यारे, पात्यांवर चित्रे, मुठीस कोरीव शिंपला. त्याच कारखान्याचा १८२२ सालचा ‘वर्षचाकू’ तर १८२२ पात्यांचा. पुढे इसवी सनाबरोबर त्याची पातीही वाढवीत नेली. ह्या वस्तूंतील कौशल्य अपूर्व आहे, हे कोण नाकारील? पण खिशात मावत नाही तो खिशातला चाकू कसला? क्षेमेंद्राने औचित्य हाच काव्याचा प्राण मानला, आणि मेखला गळ्यात नि हार कमरेस घालणारीचे हसे होते असे बजाविले. पंच्याहत्तर पात्यांचा हा मयूर त्याच जातीचा. योगायोग असा की, त्याच १८५१ साली मेलव्हिलची ‘मोबी-डिक’ ही कादंबरी निघाली. तीत जहाजावरील सुताराचे वर्णन करताना त्याने शेफील्डच्या बहुपाती चाकूची उपमा योजिली आहे : पाहिजे ते हत्यार उघडावे नि काम करून घ्यावे, पण आत विचार असा नाहीच. प्रदर्शनातील गर्दीपेक्षा ह्या कादंबरीकाराने त्या चाकूचे मर्म अधिक ओळखले, असे आम्हांस वाटते.

संग्राहकांत एक जुना वाद आहे. कित्येकांस चाकू कोरा, कधी न वापरलेला, पात्यावर मूळची झिलई असलेला असाच हवा असतो. असा चाकू मिळाला की ते फळ कापण्याचे तर सोडाच, पण पाते उघडण्यासही कचरतात. दुसरा पक्ष वापराच्या खुणांत रमतो. साध्या कार्बनी पोलादावर लिंबाने, आंब्याने, कांद्याने जो करडा-निळसर रंग चढतो, तो त्यांस जरीकाठासारखा प्रिय. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. पण ह्या बाबतीत बोलण्याचा आमचा अधिकार थोडका, कारण आमच्याच हातून एक अपराध घडला आहे. वीस वर्षांपूर्वी आजोबांचा चाकू काळवंडला म्हणून आम्ही तो एका दुकानात चकाकीसाठी दिला. दुकानदाराने तो यंत्राच्या चाकावर धरला, आणि परत मिळाला तेव्हा तो आरशासारखा लखलखत होता. मात्र तारा गेला होता, क्रूस गेला होता, नावातील दोनच अक्षरे उरली होती. दोष दुकानदाराचा नव्हे. आम्ही चकाकी मागितली, त्याने चकाकी दिली.

ह्या झिलईची शेफील्डने दिलेली किंमत याहून फार मोठी आहे. धारेच्या दगडांची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत साठे. काटे घासणारे कोरड्या दगडावर काम करीत, आणि त्यांतील बहुतेकांस पुरती चाळिशीही दिसत नसे. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड ह्यांनी १८४३ साली ह्या रोगावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. रस्किनने १८५३ मध्ये वस्तूच्या निर्दोष झिलईच्या हव्यासावर टीका केली, आणि १८७५ साली कामगारांसाठी आपले छोटे संग्रहालय काढले ते शेफील्डच्याच एका टेकडीवर, हे निव्वळ योगायोगाने झाले नसावे. मुठींचा हिशेबही काही निर्मळ नाही. हस्तिदंतासाठी हत्ती मेले. सांबरशिंगांच्या खरखरीत मुठी मात्र पुष्कळदा आपल्याच अरण्यांत गळून पडलेल्या शिंगांच्या असत. भारताने निर्यात बंद केल्यावर तो पुरवठा आटला. एवढे ठाऊक झाल्यावरही सुंदर चाकू सुंदरच दिसतो, ही अडचण आम्हांस सोडविता आलेली नाही.

‘लिटल मेस्टर’ म्हणजे एकेका खोलीत स्वतंत्रपणे काम करणारे छोटे कारागीर. त्यांच्या अखेरच्या पिढीतील स्टॅन शॉ २०२१ साली वारला. त्यानेही शिंपल्याच्या मुठीचे अनेकपाती चाकू केले, तेव्हा आमचा औचित्याचा नियम त्याच्या दाराशी थोडा सैल करावा लागतो.

आजोबांच्या चाकूचे मोठे पाते धार लावून लावून आता निमुळते झाले आहे. चिरंजीवांचे म्हणणे, तो काचेच्या पेटीत ठेवावा. गेल्या वैशाखात त्यांच्या देखतच आम्ही त्याने पायरी आंबा चिरला. पाते काळे पडले, आणि मिटताना बोल पूर्वीइतकाच स्पष्ट आला.