हॉगवर्ट्सची वास्तू आणि हॉगवर्ट्सची शाळा

मुलांच्या अद्‌भुतकथेवरून रचलेला व्हिडिओ गेम हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आमच्या काही वाचकांच्या मनात येईल. आम्हांला ती शंका रास्त वाटत नाही. ज्या कथेने आपल्या घरातील मुलांना रात्र रात्र जागविले, तीच कथा आता खेळ होऊन त्यांच्या हाती आली असेल, तर त्या रूपांतरात काय टिकले आणि काय गळून पडले हे वडीलधाऱ्यांनी पाहिले पाहिजे. ‘हॉगवर्ट्स लेगसी’ हा खेळ आम्ही याच हेतूने हाती घेतला आणि, प्रांजळपणे सांगावयाचे तर, हेतू विसरून कित्येक संध्याकाळी खेळत राहिलो.

जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटरची सात पुस्तके 1997 ते 2007 या दहा वर्षांत प्रसिद्ध झाली. मराठीतही ती आली, आणि पहिल्या पुस्तकास ‘परीस’ हा शब्द लाभल्यामुळे ते मराठी वाचकाला परके वाटले नाही. चित्रपटांच्या मागोमाग 2001 पासून निघालेले खेळ बहुधा त्या चित्रपटांच्या पुरवण्यांसारखे होते. ‘हॉगवर्ट्स लेगसी’ची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील अ‍ॅव्हलांच सॉफ्टवेअर या संस्थेने तो रचला आणि वॉर्नर ब्रदर्सने 10 फेब्रुवारी 2023 रोजी तो प्रथम बाजारात आणला. त्या एका वर्षातच त्याच्या 2 कोटी 20 लाखांहून अधिक प्रती खपल्या. लेखिकेच्या जाहीर मतांवरून त्या वेळी बहिष्काराचा मोठा वाद उसळला होता; परंतु तो वाद खेळाच्या बाहेरचा आहे आणि आम्हांला खेळाच्या आत शिरावयाचे आहे.

कथानक हॅरीच्या काळाच्या सुमारे शंभर वर्षे आधी, म्हणजे 1890 च्या दशकात घडते. ही योजना आम्हांला शहाणपणाची वाटली. परिचित पात्रे नसल्यामुळे मूळ कथेशी स्पर्धा टळते आणि खेळणाऱ्याला आपली स्वतःची गोष्ट घडविण्यास मोकळीक मिळते. खेळणारा विद्यार्थी एकदम पाचव्या इयत्तेत प्रवेश घेतो. एलिएझर फिग नावाचे वृद्ध प्राध्यापक त्याचे मार्गदर्शक असतात, आणि एका विस्मृत प्राचीन जादूच्या खुणा त्याला दिसतात, ज्या इतरांना दिसत नाहीत.

या खेळाचे खरे सामर्थ्य त्याच्या वास्तूत आहे. येथे आम्ही हात आखडता घेऊन स्तुती करणार नाही. किल्ल्याच्या मोठ्या जिन्याखाली उभे राहून वर पाहावे, तर जिने आपली जागा बदलीत असतात, भिंतींवरील तसबिरींतील माणसे एकमेकांशी कुजबुजत असतात आणि कोपऱ्यातील लोखंडी चिलखते जाणाऱ्या-येणाऱ्याची वाट पाहत असल्यासारखी उभी असतात. भोजनगृहाच्या छतात आकाश दिसते. स्लिदरिनच्या बैठकीच्या खोलीत तळ्याखालचा हिरवट प्रकाश झिरपतो, तर हफलपफची खोली स्वयंपाकघराशेजारी असल्याने तिच्यात एक उबदार, माजघरी समाधान आहे. कथानक पुढे सरकते तसे ऋतू पालटतात. शरदात अंगणातून भोपळे पसरलेले दिसतात आणि पुढे एके दिवशी हॉग्समीड गाव बर्फाखाली गेलेले दिसते. त्या दिवशी आम्ही दिलेली कामगिरी बाजूस ठेवून केवळ त्या गावातून चालत राहिलो. पुस्तक वाचताना ज्या जागा आपण मनात अंधुकपणे रचल्या होत्या, त्यांची दारे येथे खरोखर उघडतात. वाचकाच्या कल्पनेचा एवढा आदर करणारे कारागीर थोडे.

आणखी एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. खेळातील चार रक्षक खेळणाऱ्याची परीक्षा घेतात. त्यांपैकी नीव्ह फिट्झजेराल्ड हिची परीक्षा एका पुस्तकात घडते. तीन भाऊ आणि मृत्यू यांची जी लोककथा मूळ मालिकेच्या अखेरच्या पुस्तकात येते, तिच्यातच आपण उतरतो. सर्व रंग नाहीसे होतात, जग काळ्या शाईचे होऊन जाते आणि मृत्यूची नजर चुकवीत सावल्यांमधून पुढे सरकावे लागते. चुकले तर पकडले जाण्याची भीती वाटते. खेळाच्या साधनांनी वाङ्मयाचा अर्थ लावणे म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण होय. अशी पाने या खेळात आणखी असती तर हा लेख येथेच संपला असता.

आता तक्रारीकडे वळतो. हॉगवर्ट्स ही मुळात शाळा आहे, आणि शाळा म्हणजे इमारत नव्हे हे रोलिंगबाईंना पक्के ठाऊक होते. पहिल्याच पुस्तकात हॅरी आणि त्याचे दोन सोबती मध्यरात्री बाहेर सापडतात. प्रत्येकाचे 50 गुण वजा होतात आणि दुसऱ्या दिवशी सारी शाळा हॅरीशी बोलेनाशी होते. अकरा वर्षांच्या मुलाचे ते दुःख वाचकाच्या काळजाला भिडते, कारण नियम खरा आहे, तो मोडल्याचे फळ खरे आहे आणि ते फळ एकट्याला न मिळता साऱ्या गृहाला वाटून घ्यावे लागते. खेळात यातले काही नाही. रात्री कोठेही भटकावे. ग्रंथालयातील निषिद्ध दालनाची एक ठरलेली कामगिरी आणि तशाच एक-दोन जागा सोडल्या, तर कोणी अडवीत नाही. तास चुकविला म्हणून कोणी रागावत नाही, कारण चुकविण्यासारखे तासच नाहीत. प्रत्येक विषयाचा वर्ग एकदा चित्रपटाप्रमाणे दाखविला जातो आणि पुढे गुरुजन गृहपाठ देतात तो शत्रू मारण्याचा वा वस्तू जमविण्याचा. चार गृहांतून एक निवडावे लागते, परंतु त्या निवडीने झोपण्याची खोली बदलते. फार तर हफलपफच्या विद्यार्थ्याला अ‍ॅझकाबानच्या तुरुंगात डोकावण्याची एक निराळी संधी मिळते. खेळ सुरू असताना गुण मिळत नाहीत आणि जातही नाहीत.

आमच्या वाचकांना हे एका दृष्टान्ताने चटकन समजेल. शिखर, सभामंडप, दीपमाळ, तळी सारे यथासांग असलेले देवालय आहे, पण तेथे पहाटेची पूजा नाही, दुपारचा नैवेद्य नाही, सायंकाळची आरती नाही. येणारा पाहुणा थक्क होतो, छायाचित्रे काढतो आणि निघून जातो. नित्यक्रमावाचून क्षेत्र होत नाही, आणि वेळापत्रकावाचून शाळा होत नाही. क्विडिचचे सामने तर मुख्याध्यापक फिनिअस नायजेलस ब्लॅक यांनी एका आज्ञेसरशी रद्दच करून टाकले आहेत. झाडूवरून आकाशात हिंडता येते, पण ज्या खेळासाठी मुले झाडू घेतात तो खेळ मात्र नाही. रचनाकारांनी स्वतःची अडचण एका चिडखोर पात्राच्या तोंडी घातली, ही युक्ती हसविणारी असली तरी पोट भरीत नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट तीन अक्षम्य शापांची. मूळ कथेत यातना देणारा, इच्छा हिरावणारा आणि प्राण घेणारा असे हे तीन शाप होत. मनुष्यावर यांपैकी एकाचाही प्रयोग केला तर जन्मभर अ‍ॅझकाबान, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. खेळात हे तिन्ही शाप शिकता येतात. नाकारताही येतात, हे नमूद केले पाहिजे. परंतु एकदा शिकल्यावर ते भर रस्त्यात, साक्षीदारांच्या देखत, हवे तितक्या वेळा वापरावेत. एखादा बघ्या फार तर दचकून उद्‌गार काढतो. गुरुजनांचे मन बदलत नाही, मित्र दुरावत नाहीत, कथेचा शेवट तसूभर हलत नाही. इतकेच नव्हे, तर एक विशेष कौशल्य प्राप्त करून घेतले की एका शत्रूवर प्राणघातक शाप टाकताच इतर सारे शापित शत्रूही त्याच क्षणी गतप्राण होतात. अक्षम्य या शब्दाचा अर्थ या खेळात सोयीस्कर असा झाला आहे.

वाल्या कोळ्याने एकेका हत्येसाठी रांजणात एकेक खडा टाकला, ही कथा आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. ते रांजण भरत जातात आणि एके दिवशी नारद विचारतात की या पापाचा वाटेकरी कोण. खेळातही रांजण आहेत. किती चोरटे शिकारी मारले, किती गॉब्लिन मारले, याचा काटेकोर हिशेब तो ठेवतो. पण ठराविक खडे जमले की बक्षीस म्हणून एक नवा पोशाख देतो. नारद काही येत नाही.

आणि तरीही त्याच खेळात सेबॅस्टियन सॅलोची उपकथा आहे, म्हणूनच आमचा खेद अधिक. सेबॅस्टियनची जुळी बहीण अ‍ॅन एका शापाने झिजत चालली आहे. तिला बरे करण्याच्या ध्यासाने तो निषिद्ध विद्येकडे वळतो. त्याचा अंध मित्र ऑमिनिस गॉन्ट त्याला परोपरीने अडवितो. कारण यातनेच्या शापाची सक्ती त्याच्यावर घरच्यांनीच लहानपणी केली होती आणि त्या विद्येची चव त्याला माहीत आहे. प्रेमापोटी टाकलेले एक पाऊल दुसऱ्याला जन्म देते आणि अखेर सेबॅस्टियन आपल्या सॉलोमनकाकाचा प्राण घेतो. अ‍ॅन त्याच्याकडे पाठ फिरविते. त्याला अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावे की नाही, हा निर्णय आपल्याला घ्यावा लागतो. आम्ही त्या पडद्यासमोर बराच वेळ थांबलो होतो. येथे कर्म आहे, फळ आहे आणि त्या दोहोंमधील असह्य नातेही आहे. मात्र हे सारे सेबॅस्टियनच्या वाट्याला. ज्याने त्याच्याकडूनच तो शाप शिकून शंभरांवर चालविला, तो खेळणारा पुढच्या कामगिरीवर निघून जातो.

मुख्य कथेतील इसिडोरा मॉर्गनॅक ही आम्हांला अशीच विचारात पाडणारी वाटली. ती पूर्वी हॉगवर्ट्समध्ये शिक्षिका होती. प्राचीन जादूच्या बळावर ती माणसांचे दुःख काढून घेऊ लागली. आरंभ तिने आपल्या शोकमग्न पित्यापासून केला. दुःख गेले, पण त्याबरोबर माणसाचे माणूसपणही ओसरले. डोळे उघडे, चेहरा शांत, आत काही नाही. काढलेले दुःख साठत गेले आणि त्या साठ्यावरच पुढे सारा संघर्ष उभा राहिला. कल्पना खरोखर थोर आहे. परंतु ती सांगणारा खेळ स्वतः खेळणाऱ्याशी काय करतो? शिक्षा, लाज, मैत्रीतील दुरावा, हरल्याचे शल्य हे सारे तो त्याच्यापासून काढून घेतो. आपण इसिडोराच्याच पित्याच्या जागी बसविले गेलो आहोत, असे एका क्षणी आम्हांला वाटून गेले.

गॉब्लिनांचा पुढारी रॅनरॉक याची तक्रार सर्वस्वी खोटी नाही. जादूगारांनी त्याच्या जमातीला हीन लेखले हे खेळच सांगतो. पण त्या तक्रारीचा विचार करण्यास सवड देण्याऐवजी तो गॉब्लिनांच्या टोळ्यांमागून टोळ्या आपल्यापुढे मरावयास उभ्या करतो. प्राण्यांचेही तसेच. पॉपी स्वीटिंग या मुलीबरोबर आपण चोरट्या शिकाऱ्यांपासून अद्‌भुत प्राण्यांना सोडवितो, ‘गरजेच्या खोली’त त्यांना दाणापाणी घालतो, कुरवाळतो, हा भाग मुलांना फार आवडतो आणि आम्हांलाही आवडला. मग कळते की रानातून पिशवीत पकडलेले तेच प्राणी हॉग्समीडच्या दुकानात रोख पैशांना विकताही येतात. शिकाऱ्यांत आणि आपल्यात फरक उरतो तो पोशाखाचा.

कंटाळ्याच्या जागा थोडक्यात सांगतो. मर्लिनच्या नावाने रानोमाळ पसरलेल्या 95 परीक्षा आहेत आणि कोडी मोजक्याच प्रकारची. सापडलेले कपडे ठेवण्यास आरंभी अवघ्या 20 जागा मिळतात, त्यामुळे पराक्रमी विद्यार्थी सारखा जुन्या टोप्या विकावयास बाजारात धावत असतो. कुलूप उघडण्याचे यंत्र पहिल्यांदा गमतीचे, विसाव्यांदा शिक्षेचे.

जाता जाता एक आपुलकीची गोष्ट. या किल्ल्यात खगोलशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापिकेचे नाव सत्यवती शाह आहे, आणि आपली दुर्बीण आपल्या हाती देणारा सहाध्यायी अमित ठक्कर आहे. अमित गॉब्लिनांची भाषा शिकला आहे, पण प्रत्यक्ष गॉब्लिनांच्या खाणीत जाण्याची वेळ आली की त्याचे पाय लटपटतात. पुस्तकांवर प्रेम आणि साहसाची धास्ती, असा हा मुलगा आम्हांला साऱ्या शूरवीरांहून अधिक खरा वाटला.

शेवटी फिग यांचा मृत्यू होतो. त्यांच्या स्मरणार्थ सारे भोजनगृहात जमतात तेव्हा सभा काही क्षण खरोखर शाळेसारखी दिसते. त्यानंतर गृहचषकाचा समारंभ यावयाचा असतो, पण तो लगेच येत नाही; खेळणारा 34 व्या पायरीवर पोहोचेपर्यंत चषक थांबून राहतो. आम्ही ती पायरी रानातल्या लढाया लढून गाठली, त्यांपैकी काही निषिद्ध शापांच्या बळावर. मग मेजवानी मांडली गेली, उपमुख्याध्यापिका वीस्लीबाईंनी आमच्या गृहाला गुण दिले, पताका बदलल्या आणि सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या गर्दीत आम्ही ऑमिनिस कोठे बसला आहे ते शोधीत होतो.