शेरास सव्वाशेर, पण वार अडवला का?



हजरजबाबी माणूस आपल्याला फार आवडतो. आचार्य अत्र्यांच्या नावावर तर इतके किस्से सांगितले जातात की त्यातले खरे किती आणि मागाहून चिकटवलेले किती, हे सांगणं कठीण. आज या किस्स्यांकडे जरा समीक्षकाच्या नजरेनं पाहू. एक गोष्ट हटकून दिसते. उत्तर शब्दन् शब्द जपलेलं असतं आणि प्रश्न मात्र आखूड झालेला असतो. विचारणारा कोण, तर 'एक विरोधक'. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं का, हे किस्सा सांगत नाही. टाळी पडली की विषय संपला!

आता तलवारबाजी बघा. भवानी देवी टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, खेळली तेव्हा हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा पाहिला असेल. ती खेळते त्या सेबर प्रकारात आणि फॉइलमध्येही एक सुंदर नियम आहे. समोरच्यानं रीतसर हल्ला सुरू केला, तर पहिला हक्क त्याचा. तुम्ही नुसतंच पातं पुढे केलंत आणि दोघांनाही वार लागला, तर गुण त्याला. त्याचं पातं आधी आपल्या पात्यानं अडवा. मग हक्क तुमच्याकडे येतो. या उलटवाराला म्हणतात रिपोस्ट. म्हणजे चपळाई हवीच, पण ती अडवल्यानंतरची.

आपल्या न्यायदर्शनात हेच वेगळ्या शब्दांत आहे. वादात हरण्याच्या २२ जागा तिथे सांगितल्या आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातली एक 'अप्रतिभा', म्हणजे उत्तर न सुचणं. म्हणजे न सुचणाऱ्याला तिथेही माफी नाही. पण यादीत तिच्या आधी येतं 'अननुभाषण'. प्रतिपक्षानं तीनदा सांगितलं, सभेला कळलं, तरी तुम्हाला त्याचं म्हणणं पुन्हा मांडता आलं नाही, तर तुम्ही हरलात. त्याचं म्हणणं त्याच्यासमोर नीट मांडणं, हेच शब्दांतलं वार अडवणं. आणि 'मतानुज्ञा'? स्वतःवरचा दोष न खोडता 'तुझ्यातही तोच आहे' म्हणणं. तीही हारच. टीव्हीवरच्या चर्चेत आज ती जिंकण्याची युक्ती झाली आहे!

कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आठवा. तुरेवाले शिवाला थोर मानणार, कलगीवाले शक्तीला. शाहीर सवालात कोडं घालतो. समोरच्यानं आधी ते सोडवायचं, मग आपलं कोडं टाकायचं. कोडं न सोडवता नुसती टिंगल केली, तर जाणते श्रोते त्याला जवाब मानत नाहीत. शेरास सव्वाशेर व्हायचं, तर आधी तो शेर मोजून घ्यावा लागतो ना!

आता समजा, आपल्या वऱ्हाडात एका ग्रामसभेत बाई उभी राहून विचारते, "आमच्या वस्तीत पाणी कधी येणार?" सरपंच म्हणतो, "मृगात येईल की!" हशा पिकतो. आपल्याकडे 'पाणी येणं' म्हणजे पाऊस येणंही, म्हणून विनोद साधला. न्यायशास्त्रात याला वाक्छल म्हणतात. तिथलं जुनं उदाहरण 'नवकंबल': एक म्हणतो, याच्याकडे नवं कांबळं आहे, दुसरा म्हणतो, नऊ कुठे, एकच तर दिसतंय! शास्त्रकारांना यातली गंमत कळत होती, तरी त्यांनी ते उत्तर मानलं नाही. ग्रामसभेत मात्र बाई खाली बसते. नळ कोरडाच राहतो, आणि पुढच्या सभेला ती बहुधा येत नाही.

अठराव्या शतकातल्या दिदरोनं म्हटलं आहे, की नेमकं उत्तर सुचतं ते जिना उतरून खाली आल्यावर. आपण अशा माणसाला मंद समजतो. पण कदाचित तो ऐकण्यात गुंतला होता. म्हणून न्यायदर्शनातलं ते 'तीनदा' मला मोलाचं वाटतं. त्यात ऐकायला वेळ दिलेला आहे.

हजरजबाबीपणा टाकून द्या, असं मी म्हणत नाही. उलट तो कमी झालाय, अशी माझी तक्रार आहे. जबाब शिल्लकच नाही, नुसता हजरपणा उरलाय. इथे नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा, किंवा पारावरच्या गप्पांतही, एखाद्या टोल्यावर टाळी वाजवण्याआधी आपण श्रोत्यांनी एवढंच विचारावं: प्रश्न काय होता? तो आठवला आणि उत्तर त्यालाच भिडलेलं असलं, तर खुशाल टाळ्या वाजवा. मीही वाजवीन.