अनुदान कोणत्या फ्रेंचला?

अमेरिकेतील लुइझियाना राज्याने १९२१च्या राज्यघटनेने शाळांत केवळ इंग्रजी ठेवली. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा झाल्या. त्याच राज्याने १९६८मध्ये फ्रेंचच्या विकासासाठी ‘कोडोफिल’ स्थापन केली. दरम्यान फ्रेंच लिहू-वाचू शकणारे स्थानिक फारसे उरले नव्हते, म्हणून शिक्षक फ्रान्स, बेल्जियम, क्वेबेकहून आणले गेले. त्यांच्या प्रमाण फ्रेंचपुढे आजीची केजन बोली पुन्हा दुय्यम ठरली. १९८० साली लुइझियानातील फ्रेंच कवितांचा ‘क्री स्यूर ल बायू’ हा संग्रह आला. प्रकाशक मात्र माँट्रियलचा! बोलीत लिहिणारे होते, त्यांना छापणारे घरी नव्हते. भाषेच्या अनुदानाचा हिशेब मांडताना पटसंख्येबरोबर आजी-नातवंडांचे बोलणे आणि स्थानिक पुस्तकेही मोजली पाहिजेत.