पश्चात्तापानंतर

स्वतःच्या दोषांची कबुली देणारे ग्रंथ जगाच्या वाङ्मयांत थोडे नाहींत. परंतु त्यांपैकीं बहुतेकांत एक गुप्त सोय असते. लेखक ज्या पापांविषयीं बोलतो तीं त्यानें केव्हांच मागें टाकलेलीं असतात. नदी उतरून पैलतीरीं आलेल्या प्रवाशानें पुराचें वर्णन करावें, तशी ती कथा होते. वाचक तन्मय होतो आणि लेखकाच्या आजच्या स्थितीविषयीं कोणी कांहीं विचारीत नाहीं. संत ऑगस्टीनचा ‘कन्फेशन्स’ हा लॅटिन ग्रंथ याच जातीचा आहे, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत आहे. ग्रंथ अर्धाच वाचल्यानें ती होते, असें आमचें मत आहे. आणि तरुणपणीं आम्हीं स्वतः तो तसाच वाचला होता, हेंही सांगून टाकलें पाहिजे.

ऑगस्टीनचा जन्म इ. स. ३५४ मध्यें थागास्ते या गांवीं, म्हणजे आजच्या अल्जीरियांत, झाला. त्याची आई मोनिका ख्रिस्ती होती. कार्थेज, रोम व मिलान येथें त्यानें वक्तृत्वशास्त्र शिकविलें. सुमारें नऊ वर्षें तो मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथांत होता. ३८६ मध्यें मिलान येथील एका बागेंत त्याचें मन पालटलें, आणि पुढच्या वर्षीं ईस्टरच्या वेळीं बिशप अँब्रोज यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. ‘कन्फेशन्स’ त्यानें लिहावयास घेतला तो यानंतर सुमारें दहा वर्षांनीं, हिप्पो येथें बिशप झाल्यावर. ग्रंथाचीं पुस्तकें तेरा. पहिल्या नऊंत गतायुष्य आहे. शेवटच्या तिनांत बायबलांतील सृष्टीच्या उत्पत्तीचें विवरण आहे. मध्यें दहावें राहतें. आणि आईच्या मृत्यूपाशीं नववें संपलें कीं बहुतेक वाचक पुस्तक मिटतात.

ग्रंथाच्या नांवाविषयीं दोन शब्द. ‘कबुली’ या आपल्या शब्दाला कचेरीचा वास आहे. मूळ लॅटिन शब्दांत दोष पदरीं घेणें आणि देवाचें स्तवन करणें, असे दोन्ही अर्थ नांदतात. म्हणूनच सबंध ग्रंथ देवाला उद्देशून बोललेला आहे. वाचक केवळ बाजूस उभा राहून ऐकतो. तुकोबांच्या अभंगांत वाढलेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटूं नये. विठ्ठलापुढें आपल्या अवगुणांचा पाढा वाचावा आणि त्याच श्वासांत त्याचा महिमा गावा, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों.

ऑगस्टीनचें आत्मपरीक्षण किती बारीक आहे, याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नासपतींची चोरी. सोळाव्या वर्षीं सवंगड्यांबरोबर त्यानें रात्रीं शेजारचें झाड झोडपलें. फळें विशेष गोड नव्हतीं. घरीं याहून चांगलीं होतीं. बहुतेक डुकरांपुढें टाकलीं गेलीं. या पोरखेळावर त्यानें दुसऱ्या पुस्तकाचा अर्ध्याहून अधिक भाग खर्चिला आहे. टीकाकार यास अतिरेक म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. गरज नसतां, केवळ वाईट करण्याची गोडी म्हणून आणि चारचौघांच्या संगतीनें माणूस पाप करतो, एकटा असता तर कदाचित् करता ना, हा शोध लहान नाहीं. मोठ्या पापाला कारणें सांपडतात. निष्कारण पापांतच मन उघडें पडतें.

परंतु हाच तराजू दुसऱ्या ठिकाणीं लावला असतां आम्ही अडखळतों. बारा वर्षांहून अधिक काळ एक स्त्री त्याच्या घरीं राहिली. आदेओदातुस हा त्यांचा मुलगा. प्रतिष्ठित विवाह ठरल्यावर तिला आफ्रिकेंत परत पाठविण्यांत आलें. मुलगा बापाकडे राहिला. पुन्हा कोणा पुरुषाशीं संबंध ठेवणार नाहीं, असें व्रत घेऊन ती गेली. नियोजित वधू वयांत येईपर्यंत ऑगस्टीनला मात्र धीर निघाला नाहीं. त्यानें दुसरी स्त्री ठेविली. तो हें लपवीत नाहीं. आपल्या हृदयाला झालेली जखमही सांगतो. पण सांगतो ती आपली जखम. तिच्या जखमेविषयीं तो मुका आहे. तिचें नांवसुद्धां ग्रंथांत नाहीं. तिची अब्रू राखण्यासाठीं नांव गाळलें, हा बचाव नांवापुरता चालेल, मौनाला चालणार नाहीं. नासपतींसाठीं इतकीं पानें आणि हिच्यासाठीं चार ओळी, हें माप आम्हांस मान्य नाहीं.

आणि येथेंच दहाव्या पुस्तकाची थोरवी कळते. त्यांत ऑगस्टीन आपण काय होतों हें सोडून आज काय आहों हें विचारतो. प्रश्न देणारा बिशप आहे, लोक त्याला मान देतात. तरी तो जेवणाच्या ताटापाशीं स्वतःला अडवितो, कीं ही भूक कोठें संपली आणि चव कोठें सुरू झाली? प्रार्थनामंदिरांतील गायनानें डोळे भरले, ते अर्थानें कीं सुरानें? घरांत पाल माशी पकडते तें पाहण्यांत मन कां रमतें? शेवटीं तो स्तुतीपाशीं येतो. लोकांनीं वाखाणलें कीं आनंद होतो. तो सत्याच्या आदराचा कीं स्वतःच्या? कीर्तीचा तिरस्कार करतों याचीच कीर्ति मिरविणारा गर्वही त्यानें पकडला आहे. व्यासपीठावर आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस हीं पानें सुखानें वाचतां येत नाहींत. आपणच आपणांस पुरते कळत नाहीं, हेंही तो येथें मान्य करतो. वर आम्हीं दाखविलेल्या उणिवेला यानें क्षमा होत नाहीं. पण ती पाहण्याचा अधिकार त्यानेंच वाचकाच्या हातीं दिला आहे.

पश्चात्ताप हें उंबरठ्यावर एकदां करून सोडावयाचें कर्म आहे, असें पहिलीं नऊ पुस्तकें वाचून वाटूं शकतें. दहावें सांगतें कीं तें घरांत राहणाऱ्याचें रोजचें काम आहे. त्याचा चरित्रकार पोसिदियुस शेवटची हकीकत देतो. इ. स. ४३० मध्यें व्हँडलांचा वेढा हिप्पोला पडला असतां शहाहत्तरीकडे झुकलेला ऑगस्टीन अंथरुणास खिळला होता. पश्चात्तापाचीं थोडीं स्तोत्रें लिहवून घेऊन त्यानें भिंतीवर लावलीं, भेटणाऱ्यांस बहुतेक मनाई केली, आणि सुमारें दहा दिवस तो तीं वाचीत व रडत पडून होता. बाप्तिस्म्याला तेव्हां त्रेचाळीस वर्षें झालीं होतीं.